पहिल्यांदा गॅस हाती घेताना: सिलिंडरपासून भांड्याच्या तळापर्यंत

गॅसवर स्वयंपाक करताना डोळ्यांना दोनच गोष्टींची सवय लावून घ्यायची असते. जाळ निळा आणि स्थिर आहे का, आणि तो भांड्याच्या तळाखाली मावतो आहे का. स्वयंपाकघरातले बरेचसे त्रास यातल्या एकीकडे दुर्लक्ष झाल्यामुळेच होतात. भांड्यावरची काजळी, करपलेली आमटी, वितळलेले कान, तडकलेली काच आणि वाया गेलेला गॅस, सगळे त्यातच आले. नोकरी-शिक्षणासाठी पहिल्यांदाच स्वतःची शेगडी मांडणाऱ्यांसाठी हा लेख आहे. गॅस ज्या वाटेने येतो त्याच वाटेने आपणही जाऊ: टाकी, रेग्युलेटर, नळी, शेगडी, जाळ आणि शेवटी भांडे.

टाकी दारात आल्यावर

घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. रिकाम्या टाकीचे वजन तिच्यावरच कोरलेले असते. त्यात १४.२ मिळवले की भरलेल्या टाकीचे वजन निघते. पोहोचवायला येणाऱ्या माणसाकडे वजनकाटा असायला हवा. संकोच न करता वजन करून मागा.

मग वरच्या कड्याला धरून ठेवणाऱ्या तीन उभ्या पट्ट्यांच्या आतल्या बाजूला पाहा. तिथे एक अक्षर आणि वर्षाचे दोन आकडे रंगवलेले असतात. ती टाकीच्या पुढच्या चाचणीची मुदत. ‘ए’ म्हणजे जानेवारी ते मार्च, ‘बी’ एप्रिल ते जून, ‘सी’ जुलै ते सप्टेंबर, ‘डी’ ऑक्टोबर ते डिसेंबर. ‘सी २८’ असेल तर सप्टेंबर २०२८पर्यंत टाकी चालेल. मुदत उलटलेली टाकी घेऊ नका, बदलून मागा.

सील तुटलेले नाही ना, हे पाहा. टोपी काढल्यावर व्हॉल्व्हच्या तोंडात रबराची काळी वाटोळी रिंग दिसली पाहिजे. ती नसेल किंवा चिरलेली असेल, तर रेग्युलेटर लावल्यावर फुसफुस आवाज येत राहतो. ही एवढीशी रिंग तपासून घ्यायची वेळ एकच: तो माणूस दारात उभा असतानाची.

एकट्या राहणाऱ्याला ५ किलोची छोटी टाकी पुरते, आणि ती फक्त ओळखपत्र दाखवून अधिकृत विक्रेत्याकडे मिळते. बाजारात सुट्या मिळणाऱ्या, कोणत्याही गॅस कंपनीचे नाव नसलेल्या आणि दुकानाच्या मागच्या खोलीत भरून देतात त्या टाक्या घेऊ नका. त्यांची चाचणी कधी झाली, हे कुणालाच ठाऊक नसते.

रेग्युलेटर बसवणे

टाकी बदलण्याआधी घरात कुठेही जाळ नको. आपल्याकडे देवघर बरेचदा स्वयंपाकघरातच असते, म्हणून निरांजन, समई आणि उदबत्तीही आधी शांत करा. खिडकी उघडा. मग या क्रमाने जा.

१. शेगडीची सगळी बटणे बंद आहेत, हे हाताने फिरवून पाहा. नुसत्या नजरेवर विसंबू नका.
२. जुन्या टाकीवरच्या रेग्युलेटरची चावी ‘ऑफ’वर आणा. खालची काळी कडी वर ओढून रेग्युलेटर उचला आणि जुन्या टाकीला लगेच टोपी लावा. रिकाम्या वाटणाऱ्या टाकीतही थोडा गॅस उरलेला असतो.
३. नव्या टाकीचे सील काढा, दोरी ओढून टोपी काढा, रबरी रिंग पाहा. टोपी फेकू नका. दोरीने टाकीलाच बांधलेली राहू द्या, अडचणीच्या वेळी तीच लागते.
४. चावी ‘ऑफ’वरच ठेवून काळी कडी वर ओढून धरा. रेग्युलेटर व्हॉल्व्हवर सरळ ठेवा, किंचित फिरवत खाली दाबा आणि कडी सोडा. ‘टक्’ असा आवाज आला पाहिजे. मग रेग्युलेटर हळूच वर उचलून पाहा. निघता कामा नये.
५. चावी चालू करा. साबणाचा दाट फेस बोटाने रेग्युलेटरच्या बुडाशी आणि नळीच्या दोन्ही टोकांना लावा. फुगे येत असतील तर गळती आहे. चावी बंद करून रेग्युलेटर काढा, टोपी लावा आणि वितरकाला कळवा.

गळती काडी पेटवून कधीही शोधू नका. अजूनही काही जण तसे करतात, म्हणून मुद्दाम लिहिले.

टाकी नेहमी उभी असावी, जमिनीवर सपाट ठेवावी, आणि शेगडी तिच्यापेक्षा उंच, ओट्यावर असावी. टाकीतला गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर खाली फरशीलगत साचतो आणि ओट्याखालच्या बंद कपाटात तर भरूनच राहतो. कपाटातच ठेवायची असेल, तर दाराला अगदी तळाशी आणि वरच्या बाजूला हवेची भोके हवीत. फ्रिज टाकीला चिकटून नको. त्याचा कॉम्प्रेसर चालू-बंद होताना ठिणगी उडू शकते.

गॅस संपत आला की टाकी आडवी करणे किंवा गरम पाण्यात ठेवणे, हा उद्योग करू नका. टाकी उभी असताना वर फक्त वायू असतो आणि रेग्युलेटरकडे तोच जातो. आडवी केली की द्रव पुढे सरकतो, आणि शेगडीवर जाळ अचानक भडकतो. किती गॅस उरला, हे पाहायचे असेल तर ओल्या फडक्याने टाकीवर वरपासून खालपर्यंत एक पट्टा ओढा. जिथवर द्रव आहे तिथवरचा ओलावा उशिरा वाळतो.

नळी

पोलादी तारांची जाळी आत असलेली केशरी रंगाची सुरक्षा नळी वापरा. तिच्यावर आयएसआयची खूण, आयएस ९५७३ हा क्रमांक आणि उत्पादनाचे वर्ष छापलेले असते. लांबी दीड मीटरपर्यंत पुरे. वरून धडधाकट दिसली तरी ५ वर्षांनी बदला, रबर आतून कडक होत गेलेले असते. नळीला मध्ये जोड नको, भिंतीतून आरपार नेऊ नका, आणि शेगडीच्या मागे बर्नरला टेकून तर मुळीच नको. तिच्यावर कापडाचे किंवा प्लास्टिकचे आवरणही घालू नका. उंदराने कुरतडले तर दिसले पाहिजे.

पुण्या-मुंबईत पाइपचा गॅस असलेल्या घरात टाकीचा प्रश्न नसतो. तिथे शेगडीजवळच्या नळाची दांडी पाइपला समांतर म्हणजे चालू आणि आडवी म्हणजे बंद, एवढे लक्षात ठेवा. मात्र टाकीच्या घरातून पाइपच्या घरात जाताना जुनी शेगडी तशीच जोडू नका. दोन्ही गॅसचा दाब वेगळा आणि उष्णताही वेगळी, त्यामुळे शेगडीतल्या जेटचे, म्हणजे बर्नरकडे गॅस सोडणाऱ्या छोट्या तोंडाचे, भोकही वेगळे लागते. टाकीसाठी ते बारीक असते. टाकीची शेगडी पाइपवर लावली तर जाळ मलूल येतो. उलट केले तर भसकन मोठा, पिवळा, काजळी धरणारा जाळ येतो आणि ते धोक्याचे आहे. जेट बदलण्याचे काम गॅस कंपनीच्या तंत्रज्ञाकडूनच करून घ्या.

पेटवणे आणि विझवणे

आधी लायटर बर्नरजवळ धरा, मग बटण दाबून फिरवा आणि लगेच ठिणगी पाडा. काडी असेल तर आधी काडी पेटवायची, मग बटण. नवखी माणसे नेमके उलटे करतात. बटण उघडून लायटर शोधतात, चार वेळा खटखट करतात आणि तोवर जमलेला गॅस भपकन पेटतो. चार-पाच सेकंदांत पेटला नाही तर बटण बंद करा, मिनिटभर थांबा, मग पुन्हा.

बहुतेक शेगड्यांमध्ये बटण डावीकडे फिरवले की आधी पूर्ण जाळ येतो आणि आणखी पुढे गेले की मंद आच, म्हणजे आपले ‘सिम’. म्हणून मंद करायला बटण मागे, बंदकडे आणू नका. तिथे जाळ डळमळीत होतो आणि वाऱ्याच्या झुळुकीने विझतो. ओट्यात बसवलेल्या काही शेगड्यांत जाळ विझला की गॅस आपोआप बंद करणारी सोय असते. ती असेल तर पेटल्यावरही बटण ५ ते १० सेकंद दाबून धरावे लागते. नवी शेगडी घेणार असाल तर या सोयीसाठी थोडे जास्त पैसे जरूर मोजा. दूध उतू जाऊन जाळ विझणे आणि गॅस मात्र चालूच राहणे, हा घरोघरी होणारा प्रकार ती थांबवते. सोय नसेल तर दूध, पेजेचा भात आणि वरण यांच्याजवळून हलू नका.

रात्री शेवटचा जाळ विझवताना आधी रेग्युलेटर बंद करा, नळीतला गॅस जळून जाळ आपोआप विझू द्या, मग शेगडीचे बटण बंद करा. गावाला जातानाही हेच. नळीत गॅस भरलेला राहत नाही, आणि रेग्युलेटर नीट बंद होतो की नाही, हेही रोज कळते.

जाळ काय सांगतो

निळा, आवाज न करणारा, प्रत्येक भोकातून सारखा निघणारा जाळ चांगला. पिवळी टोके दिसू लागली की गॅसला हवा कमी पडते आहे. बर्नरची भोके बुजलेली असतात, हवेच्या वाटेत जाळे-झुरळे असतात किंवा धुतलेला बर्नर ओलाच बसवलेला असतो. जाळ बर्नरवरून उचलला जाऊन फडफडत असेल तर हवा जास्त झाली आहे. बर्नरच्या आत, जेटजवळ पेटून घरघर होत असेल, तर लगेच बटण बंद करा, बर्नर गार होऊ द्या आणि तो खाचेत नीट बसला आहे का, ते पाहा.

पिवळ्या जाळाने भांडी काळी होतात, ते तर दिसतेच. न दिसणारी गोष्ट जास्त वाईट: अर्धवट जळलेल्या गॅसातून कार्बन मोनॉक्साइड निघतो आणि त्याला वास नसतो. म्हणून थंडीतही स्वयंपाक करताना खिडकी किंचित उघडी ठेवा. शेगडीवर खोली ऊबदार करायचा विचारही नको.

वास आला तर

मूळ गॅसला वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मरकॅप्टन नावाचे उग्र वासाचे रसायन मिसळतात. वास आला की विजेचे कोणतेही बटण दाबायचे नाही. लावायचेही नाही आणि बंदही करायचे नाही, कारण ठिणगी दोन्ही वेळा पडते. एक्झॉस्ट पंखाही नाही. शेगडीची बटणे आणि रेग्युलेटर बंद करा, रेग्युलेटर काढून टाकीला टोपी लावा, दारे-खिडक्या सताड उघडा आणि सगळ्यांना घेऊन बाहेर जा. फोन बाहेर जाऊनच करा. गॅस गळतीसाठी १९०६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो. तो टाकीवर नाही, दारावर लिहून ठेवा.

भांडी: जाळाला साजेशी

घरगुती शेगडीची उष्णता वापरण्याची क्षमता किमान ६८ टक्के असावी, असे आयएस ४२४६ हे मानक सांगते. म्हणजे चांगल्या शेगडीचीही जवळजवळ तिसरा हिस्सा उष्णता हवेत जाऊ शकते. जाळ तळाबाहेर आला की नुकसान आणखी वाढते. बाजूंना लागणाऱ्या ज्वाळेने अन्न लवकर शिजत नाही. कडा करपतात, बॅकेलाइटचे (कडक काळ्या प्लास्टिकचे) कान जळतात, दांडीचे स्क्रू सैल होतात. म्हणून भांडे ठेवल्यावर वाकून एकदा बघा आणि तळाच्या कडेच्या थोडा आतच जाळ राहील एवढे बटण फिरवा. चहाचे पातेले लहान बर्नरवर, तवा आणि कुकर मोठ्यावर.

फार रुंद भांडेही त्रासाचेच. मोठा टोप बर्नरभोवतीची हवा अडवतो आणि उष्णता खाली परतवतो. काचेच्या शेगडीवर तर काच नको इतकी तापते. शेजारच्या बर्नरवर चढणारे पातेले तिच्यावर तासन्‌तास ठेवू नका, तापलेला तवा काचेवर टेकवू नका, आणि काच गरम असताना तिच्यावर ओले फडके फिरवू नका. कडेला टवका उडालेली काच बदलूनच घ्या. कडक केलेली काच फुटते तेव्हा एकदम सगळी फुटते.

आता धातूंकडे वळू.

भाकरी, थालीपीठ, घावन यांना बिडाचा किंवा लोखंडी तवा. तापायला वेळ घेतो, पण तापला की उष्णता धरून ठेवतो, त्यामुळे भाकरी टाकल्यावर गार पडत नाही. नवा तवा साबणाने धुऊन आचेवर पूर्ण कोरडा करा. तेलाचा अगदी पातळ हात फिरवा, जादाचे पुसून घ्या, मंद-मध्यम आचेवर धूर दिसेपर्यंत तापवा आणि गार होऊ द्या. असे तीन-चार वेळा. तेल जास्त झाले तर थर चिकट होतो आणि पहिले घावन तिथेच अडकते. नंतर अर्धा कांदा तेलात बुडवून तापल्या तव्यावर फिरवा. धुतल्यावर तवा निथळत ठेवू नका, आचेवर मिनिटभर वाळवा. आणि गरम बिडावर गार पाणी ओतू नका, तडा जातो.

लोखंडी कढईत मेथी-शेपू, परतलेली भेंडी, झुणका उत्तम होतो. चिंच, आमसूल, टोमॅटो पडणारे काही त्यात करू नका. लोखंड आंबटाने सुटते, पदार्थ काळा पडतो आणि चव धातूची येते. शिजलेली भाजी त्यातच ठेवायची नाही, लगेच काढायची.

पितळ आणि तांबे कल्हईशिवाय स्वयंपाकाला नको. ताक, कढी, आंबट आमटी त्यात कळकते, आणि कळकलेले अन्न पोटाला बाधते. कल्हई म्हणजे कथिलाचा थर, आणि कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळते. म्हणून कल्हईचे पातेले रिकामे कधी तापवू नका. आधी पाणी किंवा जिन्नस घाला, मग मंद आच. आतून तारेची घासणी नको. तळाचा पिवळा किंवा तांबूस रंग दिसू लागला की पुन्हा कल्हई करून घ्यायची.

स्टेनलेस स्टील आंबटाला घाबरत नाही, पण पातळ स्टीलमध्ये उष्णता पसरत नाही. जिथे ज्वाळा तिथेच करपते. खीर, बासुंदी, दूध यांसाठी जाड बुडाचे किंवा मध्ये ॲल्युमिनियमचा थर असलेले तीन थरांचे पातेले घ्या. त्यात परतताना आधी भांडे तापवा आणि पाण्याचा थेंब टाका. थेंब चर्र होऊन उडून गेला तर अजून थांबा. मोत्यासारखा घरंगळू लागला की आच कमी करून तेल घाला, पोहे-बटाटे तळाला धरत नाहीत. दूध तापवण्यापूर्वी पातेले पाण्याने विसळून घेतले तर ते बुडाला कमी लागते.

ॲल्युमिनियम आणि हिंडालियम (ॲल्युमिनियमचाच मिश्रधातू) लवकर आणि सारखे तापते, तळणाला आणि भाताला चांगले. आंबट-खारट पदार्थ त्यात शिजवून ठेवू नका. आणि पाणी आटून कोरडे पडलेले ॲल्युमिनियमचे पातेले जाळावर राहिले, तर तळ खरोखर वितळतो. तो धातू ६६० अंशांनाच पातळ होतो.

नॉनस्टिक डोसे-आंबोळ्यांना सोपे, पण मोठ्या आचेचे नाही. त्याचा लेप साधारण २६० अंशांपुढे बिघडू लागतो. रिकामा पातळ तवा मोठ्या जाळावर काही मिनिटांतच तिथवर पोहोचतो. लाकडी उलथने वापरा आणि लेप सोलवटला की तवा टाकून द्या. घरात पक्षी पाळलेला असेल तर जास्तच सांभाळा, या धुराने पक्षी दगावतात.

गोल बुडाच्या कढईपेक्षा सपाट बुडाची घ्या, गरम तेल असताना ती डुगडुगत नाही. फोडणीचे कढले बर्नरच्या तिवईच्या टोकांवर बसत नसेल तर वर ठेवायची छोटी जाळी मिळते, ती वापरा. कलंडलेल्या फोडणीने होणारी भाजणूक फार वाईट असते.

दोघांच्या घराला सुरुवातीला एवढे पुरते: ३ लिटरचा कुकर, २५ ते २८ सेंटिमीटरचा बिडाचा तवा, २२ ते २४ सेंटिमीटरची सपाट बुडाची कढई, जाड बुडाचे दीड-दोन लिटरचे पातेले, चहाचे लहान पातेले, कढले, चिमटा आणि घट्ट पकडणारी सांडशी. फडक्याने गरम भांडे उचलायची सवय लावू नका. त्याचे टोक जाळात जाते.

कुकर आणि तेल

कुकरवर आयएसआयची खूण आणि आयएस २३४७ हा क्रमांक पाहा. तो दोन तृतीयांशाहून जास्त भरू नका. डाळ, हरभरे, तांदूळ फुगतात आणि फेसाळतात, ते अर्ध्यापर्यंतच. झाकण लावण्याआधी वाफेची नळी उजेडाकडे धरून आरपार दिसते का, ते बघा. आधी वाफ सुटू द्या, मग शिट्टी बसवा, आणि पूर्ण दाब आला की आच कमी करा. कुकरमध्ये पाणी नसेल तर सुरक्षा झडप वितळते. ती बदलताना त्याच कंपनीची घ्या. झाकण ओढून उघडायचे नाही. शिट्टी उचलल्यावर वाफ येत नसेल तरच ते सहज निघते.

तळताना कढई अर्ध्याहून कमी भरा. तेलातून धूर येऊ लागला तर आच बंद करा. पेटलेच तर बटण बंद करून बाजूने झाकण सरकवा आणि कढई गार होईपर्यंत झाकण काढू नका. पाणी कधीही नको. पाणी तेलाखाली जाते, क्षणात वाफ होऊन फुगते आणि पेटलेले तेल घरभर उडवते. कढई उचलून मोरीकडे धावूही नका. पदर, ओढणी खोचलेली आणि अंगावर सुती कपडा, एवढे रोज पाळा.

बर्नर धुणे

आठवड्यातून एकदा, शेगडी पूर्ण गार असताना आणि रेग्युलेटर बंद ठेवून बर्नरच्या पितळी टोप्या काढा. गरम पाण्यात लिंबू किंवा व्हिनेगर घालून अर्धा तास बुडवा आणि जुन्या दातांच्या ब्रशने घासा. टोपीची बुजलेली भोके बारीक सुईने मोकळी करा. जेटच्या भोकात मात्र सुई घालू नका. ते केसाएवढे मोठे झाले तरी जाळ कायमचा पिवळा येतो. जेट तुंबला तर तंत्रज्ञाला बोलवा. टोप्या झटकून उन्हात किंवा कोमट तव्यावर पूर्ण वाळवा, खाचेत बसवून हलकेच फिरवून पाहा, आणि पेटवल्यावर एकदा चारी बाजूंनी जाळ बघा. एखाद्या बाजूला तुटला असेल तर टोपी काढून तेवढी भोके पुन्हा साफ करा.